निर्मळ दूध

शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली की तिचं विष म्हशीच्या दुधात उतरतं. ते कणभर असलं तरी लेझरखाली दिसावं म्हणून सुकेशनीने परभणीच्या प्रयोगशाळेत चांदीचे नॅनोकण बनवले. तुलनेसाठी निर्मळ दूध हवं, तर आज तिने स्वतःचंच काढलं. पडद्यावरची रेघ सपाट जायला हवी होती. पण विषाच्या नेमक्या जागी टोक निघालं. काचपट्टी बदलली, तरी तेच. सासूबाईंनी बाळंतपणापासून मायेने भरवलेले दाण्याचे लाडू आठवले. "एवढंसं पकडलं? कमाल आहे!" गाईड सर हरखले. "सर, एवढं तान्ह्याला चालतं का?" "ते डॉक्टरला विचार. आपलं काम पकडायचं." सासूबाईंचा फोन आला. "लेकरू लय रडायलंय माय, बाटली तोंडात बी घेईना. ये की लवकर!" मागून बाळाचा टाहो ऐकू आला आणि त्या टोकाकडे बघता बघताच तिला पान्हा फुटला.