बिजागरीखालचा शिपाई

"नुसती गंजलेली बिजागरी बदला काका, रंगाला हात लावू नका," संग्रहालयाच्या बाईंनी बजावलं. सावंतवाडीच्या चिताऱ्याला शिकवतायत!

समोर सहा फळ्यांचा, घडी होणारा जुना जपानी पडदा होता; काळ्या लाखेवर सोन्यानं रंगवलेली कुठलीशी लढाई. मी बिजागरी काढली आणि हात तिथंच थांबला. खाली, बोटभर जागेत, एक शिपाई उभा होता. चिलखताची दोरी न् दोरी, भुवया, डोळ्यांतली भीतीसुद्धा पूर्ण.

"हा झाकला जाणार, हे रंगवणाऱ्याला ठाऊक नसेल," बाई पुटपुटल्या.

"होतं. खिळ्यांची भोकं टाळून काढलाय बघा."

नवी बिजागरी मीच हलक्या हातानं त्याच्यावर बसवली. मग बाहेर येऊन लेकीला फोन लावला.

"तो रंगवलेलो डबो गिऱ्हाइकाक धाडू नको गो. तळ कोरो ऱ्हवलो हा."