वरचं बटण

"हात लावायचा नाही कुणी," आई म्हणाली. "रविवारी वाढदिवस आहे, तेव्हाच घालायचा."

निळा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. पाच बटणं पांढरी होती, सगळ्यात वरचं तेवढं पितळी. डबीतली पांढरी पुरली नाहीत, म्हणून आईने बाबांच्या जुन्या गणवेशाचं एक काढून लावलं होतं.

बाबांनी स्वेटर हवेत धरून पाहिला. "अगं, सहा वर्षांच्या पोराचा ना हा? मिशा फुटेपर्यंत घालेल तो."

"मुलांचं वाढत्या अंगाचंच करतात. सगळे तुमच्यासारखे आडवे वाढत नाहीत."

धाकटा खिदळला. थोरली दहा वर्षांची होती. मावसबहिणीचा वापरून झालेला कोट यंदाही तिच्याच वाट्याला आला होता. तिने पितळी बटणाला एकदा बोट लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं भावंडं वाचनालयात पुस्तकं परत करायला गेली. आई शिवणकारखान्यात होती, बाबा कामावर. परत येताना बसथांब्यावर थोरली बुटाची नाडी बांधायला वाकली. उठून पाहते तो बस निघून गेली होती आणि धाकटा नव्हता.

ती आधी घरी धावली, मग शेजारच्या काकूंकडे.

आई आली तेव्हा जिन्यात माणसं जमली होती. थोरली नुसत्या फ्रॉकवर दारात कुडकुडत उभी होती. काकूंनी तिच्याभोवती शाल गुंडाळली. आईची नजर खुर्चीकडे गेली. खुर्चीची पाठ रिकामी होती.

"नवा स्वेटर घालून गेला होता?"

थोरलीने मान डोलावली.

इन्स्पेक्टर वयस्कर होते, शांत बोलत. "पत्रकावर फोटो टाका, डाव्या कानाखालचा तीळ लिहा, निळा स्वेटर लिहा. पितळी बटणाचं मात्र लिहू नका. फोन येतील पुष्कळ. प्रत्येकाला बटण विचारा, ज्याने पोराला खरंच पाहिलंय त्याला ते सांगता येईल. बाकीच्यांच्या मागे धावलात तर दमून जाल."

लोकांनी काही कमी केलं नाही. बसचालकांनी मागच्या काचेवर पत्रकं लावली. पोस्टमन प्रत्येक पत्रासोबत एक देत गेले. शाळांनी रांगा करून नदीकाठ पालथा घातला. निळा स्वेटर घातलेल्या पोरांना रस्त्यात इतक्यांदा थांबवलं जाई, की त्या हिवाळ्यात आयांनी मुलांना निळं घालणंच सोडून दिलं.

आई फोनजवळ वही घेऊन बसे. प्रत्येकाला विचारी, "वरचं बटण कसं होतं?" उत्तर चुकलं की लाल पेन्सिलीने रेघ.

तिसऱ्या दिवशी एका बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. एका बाईचा हात धरून असाच मुलगा दुकानात आला होता, म्हणाल्या. "पण स्वेटर नव्हता हो. कोट होता. तपकिरी, बाह्या दुमडलेल्या." आईने त्यांचे आभार मानले आणि रेघ मारली. थोरली टेबलाच्या पलीकडे बसून गृहपाठ करत होती.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. वह्या अकरा झाल्या. गुडघे साथ देत होते तोवर बाबा भिंती भिंती फिरून पत्रकं चिकटवत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांचा खळीचा डबा अजून गॅलरीत आहे. तो हलवायचं ना आईच्या मनात येतं, ना थोरलीच्या.

आईला हल्ली अक्षर दिसत नाही. थोरली नोकरी सोडून परत आली, तेव्हापासून फोन तीच घेते.

"उद्या बंद करणार ना गं तो नंबर?" आईने दुपारी विचारलं.

"हो. सकाळी माणूस येईल."

"बरं झालं. तू लग्न केलं नाहीस, कुठे फिरली नाहीस. या फोनने तुझंही आयुष्य खाल्लं."

थोरली कपडे घड्या करत राहिली.

चारच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडचा आवाज म्हातारा होता.

"मी बेकरीवाली बोलतेय. म्हणजे होते, आता दुकान लेक बघतो. मी तेव्हाही केला होता फोन. तुमच्या आईंनी बटण विचारलं, मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पण परवा दवाखान्यात ती बाई दिसली मला. थकलीय. सोबत चाळिशीकडे झुकलेला माणूस होता, तिला आई म्हणत होता. त्याच्या डाव्या कानाखाली तीळ आहे हो. पत्ता घेतलाय मी. लिहून घेता?"

थोरलीने लिहून घेतला. घराचा क्रमांक दोनदा विचारून घेतला. मग फोन ठेवला.

"कोण होतं?"

"बेकरीवाल्या बाई. तिसऱ्या दिवशीच्या."

"बटण विचारलंस?"

"त्या कोटच म्हणतात, आई. तपकिरी."

"बाई गं." आईने उसासा टाकला. "चांगली आहे बिचारी, पण तेव्हाही हेच म्हणाली होती." तिने चाचपडत पेन्सिल शोधली आणि थोरलीपुढे धरली. "मार रेघ. ही शेवटचीच."

थोरलीने पेन्सिल घेतली. वहीत पत्त्याची शाई अजून ओली होती. तिने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली आणि आईचा हात हातात घेतला.

"आई, त्या दिवशी तो निळा स्वेटर माझ्या अंगात होता. माझा कोट त्याच्या."