सोनेरी दालन

रंगमंचाच्या मागे, जिथे प्रेक्षकांना मज्जाव होता, तिथे सोन्याच्या मुलाम्याचं एक दालन होतं. फ्रान्समधलं ते ऑपेरागृह बांधतानाच वर्गणीदार धनिकांसाठी ते मुद्दाम काढलेलं. प्रयोग संपला की नर्तकींनी तिथे जायचं आणि धनिकांनी त्यांना निरखायचं.

दाराशी अदेल आपल्या वीस वर्षांच्या लेकीच्या पोशाखाची नाडी बांधत होती. नृत्यगुरूंनी बजावलंच होतं, "कुणी आश्रयदाता मिळाला नाही, तर सेलिनला पुढच्या हंगामात ठेवता येणार नाही." लोकांची धुणी धुऊन अदेलचे हात कामातून गेले होते, घर लेकीच्याच पगारावर चालत होतं.

"आई, तूही आत चल ना," सेलिन पुटपुटली.

आत भिंतभर आरशासमोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी सेलिनची हनुवटी धरून तिचा चेहरा दिव्याकडे वळवला आणि अदेलला विचारलं, "दात चांगले आहेत ना हिचे?"

अदेल लाचारीने हसली, मान डोलावली. तेवढ्यात आरशात तिला स्वतःचंच ते हसू दिसलं.

तिने लेकीचं मनगट धरलं. "चल इथून."

"अगं, नोकरी जाईल माझी!"

"जाऊ दे."

बाहेर बर्फ पडत होतं. पातळ पोशाखात कुडकुडत सेलिन रडू लागली. "आता उद्या खायचं काय आपण?"

"माहीत नाही गं," अदेल म्हणाली आणि अंगातला कोट काढून तिने लेकीला चढवला. "आधी हा घाल."