तुलनेचं गाव

"माझ्या चिनूच्या उलट्या थांबतच नाहीत गं," मंजिरी फोनवर रडत होती. "सगळ्या आळीत घरोघरी हेच चाललंय."

"नळाचं पाणी उकळत नाहीस का?" डॉक्टर हेमांगी बहिणीवर चिडली. "आठवडा झाला तो सल्ला देऊन!"

"कसला सल्ला? आमच्या खारवेलीत कुणाच्याच फोनवर काही आलं नाही."

हेमांगी दचकली. तिच्याच कार्यालयातलं यंत्र जगभरातलं नवं संशोधन क्षणोक्षणी वाचून राज्यातल्या प्रत्येक फोनवर सल्ला पाठवत असे, आणि लोक तो निमूट पाळत. तिने शेजारी बसलेल्या इरफान मुजावरला विचारलं. यंत्राची देखभाल त्याच्याकडे होती.

त्याने नजर चुकवली. "सगळेच सल्ला पाळायला लागले, मॅडम. मग तो बरोबर होता की नाही, हे यंत्राला कळणार कसं? म्हणून ते एक गाव तुलनेला ठेवतं. त्या गावाला काहीच सांगत नाही."

हेमांगीने पुन्हा फोन लावला. "मंजू, पाणी उकळ. चिनूला दवाखान्यात ने. आणि गावभर सांग!"

संध्याकाळपर्यंत खारवेलीत घरोघरी पाणी उकळू लागलं. चिनूला सलाइन लागलं. तेवढ्यात कार्यालयात यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'खारवेली तुलनेतून बाद. नवं गाव : माळसेवाडी.'

"तिथेही फोन करायचा का, मॅडम?" इरफानने हळूच विचारलं.

"केला तर ते तिसरं गाव निवडेल," हेमांगी म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटली, "आणि माळसेवाडीत माझं कुणी नाही."

तिने फोन पर्समध्ये ठेवला.