दोघींत एक पिपेट

“नऊ पॉइंट आठ लिही आणि मोकळी हो,” वाघळे सर म्हणाले.

“माझं दहा पॉइंट दोन आलंय, सर,” जया म्हणाली.

“एकाच बाटलीतलं द्रावण, दोघी पार्टनर, आणि दोन रिडिंगं? नलिनीचा हात कधी चुकत नाही. तिचं उतरव.”

जयानं पेनाला टोपण लावलं. झालं! केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. जर्नल तपासायचा तो शेवटचा दिवस. सरांची सही नाही तर बी.एस्सी.च्या परीक्षेला बसणं नाही. आणि वर्ष बुडालं की गोराईच्या घरी जयाचं कॉलेज आटोपलं; मग आईशेजारी बोरीवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायचं. हे सगळं तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बाई टोपण काढेना.

“लिही ना गं,” शेजारून नलिनी कुजबुजली. “पॉइंट चारचा तर फरक. कशाला वाढवतेस?”

“मी दोनदा केलंय. दोन्ही वेळा तेच आलंय. खोटं नाय लिहिणार.”

“मग सही नाही,” सर म्हणाले.

“नका करू. पण आधी इथं उभं राहून बघा.”

वाघळे सरांशी असं कुणी बोलत नसे. “हिची आता वाट लागली,” मागच्या टेबलावरचा नंदू मोठ्यानंच म्हणाला. सर मात्र हाताची घडी घालून उभे राहिले.

जयानं पिपेट उचलली. पंच्याऐंशी साल होतं, पिपेटला लावायचे रबरी फुगे-बिगे कॉलेजात कुणी पाहिले नव्हते. दोघींत एक काचेची नळी, आणि तोंडानंच ओढायचं. जरा जास्त ओढलं गेलं की ऑक्झॅलिक ॲसिडचा आंबट घोट थेट जिभेवर. जयानं थोडं द्रावण ओढून पिपेट आतून खळखळली, ते फेकून दिलं. मग खुणेपर्यंत भरून फ्लास्कमध्ये सोडली, सल्फ्युरिक ॲसिड घातलं, चटका बसेल इतकं तापवलं आणि ब्युरेटमधलं जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडत गेली. एका थेंबाला फ्लास्क गुलाबी झाला आणि गुलाबीच राहिला.

सर वाकले, ब्युरेटच्या रेघांशी डोळा नेला. “दहा पॉइंट दोन,” ते नाइलाजानं म्हणाले. “नलिनी, आता तू कर.”

नलिनीनं पिपेट घेतली आणि नेहमीसारखी नळाखाली धरली. तोंडाकडची बाजू बोटांनी चोळचोळून धुतली. आतून पाणी सोडलं, पुन्हा सोडलं. मग झटकून तशीच ओली बाटलीकडे नेली.

“अगं, पाणी कशाला?” सर ओरडले. “ज्या द्रावणानं भरायची त्यानंच खळखळायची, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ना? आत पाणी राहिलं की ॲसिड तेवढं कमी पडणार. रिडिंग कमीच येणार!”

“द्रावण मोजकंच असतं, सर, म्हणून पाण्यानं...”

“जयाला बरं पुरलं?”

नलिनीचा चेहरा लाल झाला.

जयानं हे वर्षभर पाहिलं होतं. आपण ओढलं की नलिनी धुते. नलिनीनं ओढलं की कुणीच धुवत नाही. तिच्या घरी मासळी चालत नाही, जाऊ दे मरू दे, असं म्हणून जया मूग गिळून बसली होती. पण त्या धुण्यापायी आज तिलाच खोटं ठरवत होते! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

“ती पिपेट नाय धूत, सर,” ती म्हणाली. “माझं तोंड धुते.”

सर खाकरले.

“बरं, बरं. कपाटातून दुसरी पिपेट देतो. नाहीतर असं कर, नलिनी, तू जयाचं रिडिंग उतरव आणि विषय संपव.”

“नाय.” जयानं आपल्या जर्नलवर पंजा ठेवला. “मी तिचं उतरवलं नाय. तिनंपण माझं उतरवायचं नाय. आणि पिपेट हीच.”

तिनं नळ करकचून बंद केला. नलिनीच्या हातातली पिपेट घेतली, स्वतःच्या तोंडानं द्रावण ओढून ती खळखळली आणि पुढे केली.

“घे. न धुता.”

नलिनी सरांकडे बघत राहिली. सर बर्नरकडे बघत राहिले. आता नलिनीचीही सही अडली होती. जयाचा हात तसाच पुढे.

शेवटी नलिनीनं डोळे मिटले आणि पिपेट तोंडाला लावली.

फ्लास्क गुलाबी झाला तेव्हा सर पुन्हा वाकले. “दहा पॉइंट दोन.” त्यांनी दोन्ही जर्नलांवर सह्या ठोकल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

नलिनीनं ओठ पुसायला रुमाल काढला. जया बघतेय हे ध्यानात आलं, तेव्हा तो मुठीतच राहिला.

जयानं पिपेट उचलून तिच्या दुसऱ्या हातात दिली आणि नळ पुरता सोडला.

“आता धू,” ती म्हणाली. “हवी तेवढी धू.”