सीटवरचा टॉवेल

कॉलेजनं आम्हा फुटबॉलवाल्यांना तिकिटांच्या कमाईतला वाटा दिला. त्या पैशासाठी पोहण्याचा संघ बंद केला. त्या संघाच्या शेवटच्या सरावानंतर माझ्या बहिणीला, डेलियाला, न्यायला तलावावर गेलो. माझी नवी गाडी बघून तिच्या मैत्रिणी गप्प झाल्या. ती मात्र हसली. “काय साहेब, आमचा तलाव विकून गाडी घेतलीत होय?” “मला माहीत नव्हतं गं.” “माहीत असतं तर नको म्हणाला असतास?” मी गाडीचं कुलूप उघडलं. मागच्या वर्षी वाटा मागायला काढलेल्या आमच्या मोर्चासाठी ‘घामाची कमाई आम्हाला द्या’ हा फलक तिनंच रंगवला होता. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. तिनं दार उघडलं, पिशवीतला टॉवेल सीटवर पसरला आणि अंग चोरून बसली. “सीट ओली होऊ दे गं,” मी म्हणालो. “नको रे,” ती म्हणाली, “तुझ्या घामाची कमाई आहे.” टोमणा असता तर बरं झालं असतं.