तिसऱ्या टेबलाकडे

आपली खुर्ची उचलायची आणि ज्या काळाचा अभ्यास करायचा त्या काळाच्या टेबलाशी नेऊन ठेवायची, अशी इतिहास विभागाची जुनी पद्धत होती. अर्जबिर्ज मागाहून. दुसरं वर्ष संपलं की मुलं खुर्च्या घेऊन मोठ्या हॉलमध्ये जमायची, आणि प्राध्यापक मंडळी गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या दुकानदारांसारखी टेबलांमागे बसायची.

पहिलं टेबल प्राचीन काळाचं. तिथल्या सरांपुढे कायम फुटक्या मडक्यांचे तुकडे मांडलेले, म्हणून ते खापरीसर. दुसरं मधल्या काळाचं, आणि तिथल्या मॅडम अर्थातच मधल्या बाई. तिसरं टेबल जवळच्या काळाचं, म्हणजे आपल्या आईबापांनी पाहिलेल्या काळाचं. ते कित्येक वर्षं भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. यंदा ते पुसून पुढे ओढलं होतं आणि मागे एक नवे सर बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, टेबलावर पुस्तक म्हणाल तर एकही नाही.

मुलांनी पहिल्या दोन टेबलांभोवती गर्दी केली. तिसऱ्याकडे कोणी फिरकेना.

धाकटी अजून खुर्ची धरून उभी होती. घरी तिला धाकटी म्हणत, मैत्रिणींनीही तेच उचललं होतं. तिचं केव्हाच ठरलं होतं. संपाच्या दिवसांत मामा डबा घेऊन कारखान्यात गेला तो परत आला नाही, एवढंच तिला लहानपणापासून माहीत होतं. परवा कपडे वाळत घालता घालता आई आणखी थोडं बोलून गेली. बोलली आणि मग स्वतःच घाबरली.

"इतिहास शीक बाई, हवा तेवढा शीक," आई म्हणाली होती, "पण आपला नको."

"इकडे ये गं," खापरीसरांनी हाक मारली. "तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय."

"सर, मला तिकडे जायचंय."

सरांनी एक तुकडा उचलून अंगठ्यानं पुसला. "माझ्याकडची माणसं मरून तीन हजार वर्षं झाली. फार गुणी आहेत. त्यांच्याबद्दल काहीही बोल, कुणाचं काही बिघडत नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ते सर कुठून आलेत, ठाऊक आहे तुला?"

"कुठून?"

"आम्हालाही सांगितलेलं नाही."

धाकटीला हसू आलं. चांगला विद्यार्थी दुसऱ्याच्या टेबलाला गेला की खापरीसरांचं तोंड आठवडाभर उतरलेलं असतं, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. तिचा जीव होता त्यांच्यावर. पण आज तिनं मान हलवली आणि खुर्ची उचलली.

नवे सर लगबगीनं उठून पुढे आले आणि खुर्ची त्यांनी स्वतः लावून दिली.

"विषय काही डोक्यात आहे?"

"कारखान्याचा संप, सर."

"अरे वा! पण त्यावर पुस्तकांत फारसं काही नाही."

"जे आहे ते खोटं आहे. कामगार कामाच्या शोधात गाव सोडून गेले, असं लिहिलंय. ते गेले नाहीत, सर. त्यांना ट्रकमध्ये घालून पुलापलीकडे नेलं."

"कशावरून?"

विभागात दोन वर्षं हेच तर घोटून घेतलं होतं. बोललात की आधार द्या. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं, ते माणूस तिथं होतं का, सगळं सांगा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी इथल्या पोरांनी आधार सांगितला असता. आणि धाकटी तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे.

"आईनं पाहिलंय," ती म्हणाली. "स्वतःच्या डोळ्यांनी. ती पुलाच्या तोंडाशी उभी होती."

"छान. पण एका साक्षीवर इतिहास उभा राहत नाही."

"दोन आहेत, सर. आमच्या वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्या आईच्या बरोबर होत्या." हे सांगताना तिची मान अभिमानानं ताठ झाली होती. आजवर एवढं नीट, एवढं मन लावून तिचं कोणी ऐकलं नव्हतं.

सरांनी हळूच मान डोलावली. "आईंनी ट्रकबरोबरची माणसं पाहिली? चेहरे?"

"हो. एकाला तर ती अजूनही बाजारात बघते, म्हणाली."

बोलता बोलता तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. हात टेबलावर एकात एक गुंतवून ठेवलेले होते. समोर कागद नव्हता, खिशाला पेनसुद्धा नव्हतं.

"सर, तुम्ही लिहून घेत नाही?"

"राहतं लक्षात."

तिनं मागे वळून पाहिलं. हॉलमध्ये बोलणं थांबलं होतं. खापरीसर अर्धवट उठून उभे होते आणि मधल्या बाईंनी त्यांची बाही घट्ट धरली होती. दोघांपैकी एकानंही तिच्या नजरेला नजर दिली नाही.

"मावशी म्हणजे, तशा सख्ख्या नाहीत," ती घाईघाईनं म्हणाली. "आणि आईचं वय झालंय, सर. विसरते ती. काहीही बोलते."

"असं कसं? तुम्हीच तर एवढा चांगला आधार दिलात." नवे सर उठले, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि शर्ट नीट केला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"तुम्ही बसा निवांत," ते म्हणाले. "आई या वेळी घरीच असतात ना?"